बॉनेट न उघडण्याची अट

बिश्केकच्या पाणी खात्यात माझ्या टेबलाला मान आहे. शहराच्या कुठल्या भागाला पाणी कधी मिळायचं आणि कधी नाही, ते कागद माझ्या सहीशिवाय हलत नाहीत. अशा माणसाची स्वतःची गाडी भर घाटात पाण्यावाचून उकळली, तर लोक काय म्हणतील? जे म्हणायचं ते सगळं म्हणाले, आणि आमच्या आवारातल्या बाकावर बसून अजून म्हणतायत. पण मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो की ही हरल्याची गोष्ट नाही.

गाडी जपानी आहे. चार दारांची, सहा सिलिंडरची, टर्बोची. पाय जरा जोरात पडला की मागे बसलेल्यांच्या टोप्या मागच्या काचेला लागतात. स्टिअरिंग उजवीकडे आहे, आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी हाकणं ही आमची पद्धत आहे, त्यात बिचाऱ्या गाडीचा काही दोष नाही. माझी मुलगी नाजिक जन्मली तेव्हा तिला दवाखान्यातून घरी आणली ती याच गाडीतून. शाळेला, दाताच्या डॉक्टरकडे, विद्यापीठाच्या परीक्षेला, सगळीकडे हीच गाडी. त्यामुळे तिचं लग्न तालासला ठरलं, तेव्हा तिला सासरच्या दारात उतरवेल ती हीच गाडी, हे माझ्या मनात इतकं पक्कं होतं की ते कोणाला सांगावं लागेल असं मला वाटलंच नाही.

तालासला जायचं तर तो-आशू घाट चढावा लागतो. वळणांमागून वळणं घेत रस्ता ढगांत जातो आणि वर एक लांबलचक अंधारा बोगदा लागतो. जुलैत आम्ही व्याह्यांच्या घरी पहिल्यांदा निघालो. मी, माझी बायको बुरुल आणि मागच्या सीटवर भेटवस्तूंची गाठोडी. अर्ध्या घाटात काटा लाल रेघेकडे सरकू लागला. मी हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची उष्णता आत ओढून घ्यायची असली की आमच्याकडे सगळे हेच करतात. जुलैचं ऊन, खिडक्या उघड्या आणि आत हीटर. बुरुलने नवीन रेशमी पोशाख घातला होता. ती एक शब्द बोलली नाही, आणि माझी बायको बोलत नाही तेव्हा मी घाबरतो.

शेवटी वाफेचा फवारा उठला. जवळच्या बाटल्यांतलं पाणी रेडिएटरने एका घोटात संपवलं. मग माझं लक्ष मागच्या मोठ्या कॅनकडे गेलं. त्यात बुरुलने विहिणीसाठी स्वतः आंबवलेलं मकसिम होतं. भाजलेल्या जवाचं घट्टसर, आंबट पेय. मी विचार केला, ओलं तर आहे. बुरुल नको नको म्हणाली, पण ती मकसिम वाया जाईल म्हणून म्हणत होती, गाडी वाया जाईल म्हणून नव्हे. त्यामुळे मी तिचं ऐकलं नाही, आणि आजही मला वाटतं की तिने कारण नीट सांगायला हवं होतं.

जवाचं पीठ उकळत्या रेडिएटरमध्ये घातल्यावर काय होतं ते स्वयंपाकघरात वावरणारं कोणीही सांगेल. इंजिनातून खमंग वास सुटला. तेवढ्यात समोरून एक पांढरी जीप आली आणि तिच्यातून आमचे व्याही ओमुरकुल उतरले. पाहुण्यांना निम्म्या वाटेवर गाठून मानाने घरी न्यावं, म्हणून ते मुद्दाम घाट उतरून आले होते. हे तालासचे मोठे राजम्याचे व्यापारी. माणूस आडवा, बोलणं थोडं. त्यांनी उघड्या बॉनेटपाशी येऊन नाक वर केलं, दोनदा वास घेतला आणि शांतपणे विचारलं, "कुदा, जेवण तयार झालं का?"

कुदा म्हणजे व्याही. हा फार मानाचा शब्द आहे, आणि तो इतक्या अपमानकारक रीतीने उच्चारता येतो हे मला त्या दिवशी कळलं. पुढचा सगळा घाट माझी टर्बोची गाडी त्यांच्या जीपला दोरीने बांधून चढली.

रात्रीच्या जेवणाला त्यांचा सगळा गोतावळा होता. सगळ्यांसमोर ओमुरकुल म्हणाले की सप्टेंबरात नवरी आणायला आमची जीप येईल. मी म्हणालो की नाजिक माझ्या गाडीतून येईल. ओमुरकुलनी चहाचा घोट घेतला आणि सावकाश अट सांगितली. "मी लग्नाच्या दिवशी तुमच्या शेजारी बसेन. बोगद्यातून पलीकडे निघेपर्यंत बॉनेट न उघडता आलात, तर मुलगी तुमच्या गाडीतून माझ्या दारात उतरेल. वाटेत बॉनेट उघडलंत, तर तिथूनच जीपमध्ये बसेल." मी त्यांचा हात हातात घेऊन हो म्हटलं. टेबलाखाली बुरुलने माझ्या पायावर पाय दिला, पण तोवर हात मिळवून झाले होते.

बिश्केकला आल्यावर मेहुणा कुबातने रेडिएटर उतरवला. कुबातचं स्वतःचं गॅरेज आहे, म्हणजे त्याच्या सासऱ्याचं आहे आणि सासरे त्याला तिथे उभं राहू देतात. रेडिएटर उलटा केला, तर आतून काहीच पडलं नाही. तारेने ढोसल्यावर लापशीचा एक लांब तुकडा बाहेर आला. आवारातली सगळी मंडळी तो बघायला आली. वरच्या मजल्यावरच्या सादात-एजेंनी, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या थोरल्या ताईंनी, तो हातात घेऊन मीठ कमी आहे असं मत दिलं.

कुबात म्हणाला, "दाजी, आता असला बसवूच नका. शर्यतीच्या गाडीचा बसवू. सगळा अॅल्युमिनियमचा, दुप्पट जाड. आणि इंजिनावर चालणारा हा पंखा फेकून देऊ, दोन विजेचे लावू. मग घाट तुमच्यापुढे काय आहे?"

आवारातल्या मंडळींनाही हे पटलं. आमच्या आवारात एक रशियन म्हातारे राहतात, वालेरी पेत्रोविच, पूर्वी ट्रॅक्टरच्या कारखान्यात होते. ते म्हणाले की रेडिएटर जितका मोठा तितका चांगला. निवृत्त बसचालक असानाली-बाइके, बाइके म्हणजे थोरले भाऊ, म्हणाले की पंखा जितका मोठा तितका चांगला. ही दोघं माणसं गेली कित्येक वर्षं एकमेकांचं काहीही पटवून घेत नाहीत, तेव्हा त्यांचं एकमत ही मी देवाची इच्छा समजलो.

रेडिएटर आला. चकचकीत, भारी, देखणा. मी तो आधी घरात आणून दिवाणखान्यात भिंतीला टेकवून ठेवला आणि थोडा वेळ नुसता बघत बसलो. तो गाडीत मात्र मावेना. कुबातने पुढची पट्टी कापली, मग भोंगा हलवला, मग बंपर आतून कोरला. दर वेळी तो म्हणायचा की आता फक्त बोटभर राहिलं. ते बोटभर शेवटपर्यंत तेवढंच राहिलं. अखेर रेडिएटर जागेवर बसला, पण पुढून हवा जाण्याची एकुलती एक फट नंबरप्लेटच्या मागे आली. कुबातने नंबरप्लेट काढून समोरच्या काचेत ठेवली.

दुसऱ्याच दिवशी वाहतूक पोलिसाने अडवलं. नंबरप्लेट आपल्या जागी का नाही, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, तिच्या जागी आता हवा आहे. त्याने मला बदलाची परवानगी आणायला पाठवलं.

परवानगीच्या कार्यालयात इंजिनातले बदल एका खिडकीवर आणि बाहेरच्या अंगातले बदल दुसऱ्या खिडकीवर घेतात. इंजिनवाल्या बाईंनी विचारलं की बंपर कापलाय का. कापलाय म्हटल्यावर त्यांनी शेजारच्या खिडकीकडे बोट दाखवलं. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं की या वस्तूत असतं काय. मी म्हणालो, पाणी. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "पाण्याचं असेल, तर तुम्ही पाणी खात्यात विचारा." असा सूर मी ओळखतो. तो वर्षानुवर्षं मी स्वतः लोकांना लावत आलोय, आणि खिडकीच्या अलीकडून तो इतका झोंबतो याची मला कल्पना नव्हती. मी घरी आलो. कुबातने नंबरप्लेट दोन साखळ्यांनी बंपरच्या खाली टांगली. ती प्रत्येक गतिरोधकाला खरवडते, पण जागी आहे.

मग पंख्यांचा दिवस आला. कुबातने वायरी जोडल्या आणि किल्ली फिरवली. आवाज असा आला की तिसऱ्या मजल्यावरची मुलं विमान शोधायला गॅलरीत आली. आम्ही सगळे पुरुष दाराशी दाटी करून काट्याकडे बघत उभे राहिलो. काटा वर चढत होता. वालेरी पेत्रोविच म्हणाले रेडिएटर लहान पडला, असानाली-बाइके म्हणाले पंखे लहान पडले, आणि मला वाटलं आता नाजिक जीपमधूनच जाणार. या सगळ्या वेळात सादात-एजे गाडीच्या नाकासमोर बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "शारशेन, हे फार छान केलंस रे. किती गरम वारा येतोय. हिवाळ्यात रोज चालू करत जा, माझ्या गुडघ्यांना बरं वाटतंय."

बियांची टरफलं त्यांच्या मांडीवरून उडून पार फाटकापर्यंत गेली होती. पंखे हवा आत खेचण्याऐवजी बाहेर फेकत होते. कुबातने वायरी उलट्या जोडल्या होत्या, आणि वर तो म्हणाला की आपण हे तपासण्यासाठीच असं करून पाहिलं. वायरी बदलल्यावर काटा खाली आला. सादात-एजे मात्र दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

अजून एक खोड उरली. गाडी बंद केली तरी पंखे आपल्या मनाने फिरत राहायचे आणि सकाळी बॅटरीत काही शिल्लक नसायचं. आठवडाभर रोज सकाळी पाणी खात्याचा अधिकारी टाय लावून स्टिअरिंगवर आणि मागे अख्खं आवार ढकलायला, अशी आमची मिरवणूक फाटकापर्यंत निघायची. एकदा तर खात्याचे साहेब त्याच वेळी समोरून गेले. त्यांनी काच खाली करून हात हलवला, मीही आतून हलवला, जणू हे असंच असतं.

खोड दुरुस्त झाली आणि मला वाटलं आता संपलं. पण असानाली-बाइके रोज येऊन एकच म्हणत. रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी ती झडप, तो थर्मोस्टॅट, हवाच कशाला? काढून टाक, पाणी मोकळं फिरू दे. मी माझ्या बसला तेच केलं होतं, असं ते सांगत. वालेरी पेत्रोविचनी मान डोलावली, म्हणजे पुन्हा एकमत. मी झडप काढून टाकली. त्यानंतर ऑगस्टच्या उन्हात मी गाडी शहरभर फिरवली, आणि काटा तळाशी पडला तो उठायलाच तयार नाही. मी कार्यालयात लोकांना खाली नेऊन काटा दाखवायचो. मला इतका अभिमान वाटायचा की बुरुल म्हणाली, मुलीचं लग्न आहे, गाडीचं नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. बिश्केकला ऊन होतं. नाजिक पांढऱ्या झिरझिरीत पोशाखात खाली आली तेव्हा आवारातल्या बायका रडल्या, आणि मी पंख्यांच्या वायरी तपासायचं निमित्त करून गाडीपलीकडे गेलो. मग ओमुरकुल पातळ उन्हाळी सूट घालून माझ्या शेजारी बसले. मागे बुरुल, नाजिक आणि रुखवताची गाठोडी. नवरा मुलगा अदिलेत मित्रांबरोबर पांढऱ्या जीपमध्ये आणि त्यामागे वरात.

घाट लागला. ओमुरकुलनी काट्यावर डोळे लावले, ते काढलेच नाहीत. अर्ध्या घाटात, जिथे लापशी शिजली होती तिथे, त्यांनी बोटाने काचेवर टकटक केलं. काटा तुटलाय का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नाही कुदा, तो विश्रांती घेतोय. ते पुन्हा काट्याकडे बघू लागले आणि माझी छाती फुगली.

बोगदा समोर दिसायला लागला तेव्हा बर्फ भुरभुरू लागलं, आणि पुढे सगळ्या गाड्या थांबलेल्या. डोंगरावरच्या कुरणांतून मेंढपाळ खाली उतरत होते, आणि त्यांच्या मेंढ्या बोगद्यातून येत होत्या. मेंढ्यांना घाई नसते. आम्ही थांबलो. काचांवर आतून वाफ साचू लागली.

बराच वेळ गेला. ओमुरकुलनी हात बगलेत घातले. माणूस मानी, मागणार नाही. शेवटी म्हणाले, "कुदा, हीटर लावा की."

"लावलाय," मी म्हणालो.

त्यांनी जाळीसमोर हात धरला. तिथून घाटातला वारा येत होता. दुप्पट जाड रेडिएटर, दोन पंखे आणि मोकळं फिरणारं पाणी यांनी मिळून इंजिन इतकं गार केलं होतं की हीटरला द्यायला त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं. जुलैत मी याच घाटात बायकोला भाजलं होतं. आता मी सगळ्यांना गोठवत होतो, आणि काटा तळाशी मजेत पडून होता.

बुरुलने गाठोडं सोडलं. त्यातला निळा मखमली चापान, मानाचा लांब डगला, तिने बाहेर काढला. तो रात्री मेजवानीत, सगळ्या तालाससमोर, मानाने व्याह्यांच्या अंगावर घालायचा होता. ती म्हणाली, "कुदा, हा तुमचाच आहे. रात्रीपर्यंत कशाला थांबायचं?" ओमुरकुलनी सीटच्या पट्ट्यात अडकत अडकत तो अंगात घातला आणि गळ्यापर्यंत ओढून घेतला. बुरुलने एक शाल नाजिकला गुंडाळली. मी आरशात पाहिलं. नाजिकचे ओठ निळे पडले होते.

उपाय मला ठाऊक होता. आमच्याकडे हिवाळ्यात सगळेच रेडिएटरपुढे पुठ्ठा नाहीतर जुनं कापड अडकवतात, म्हणजे इंजिन तापतं. पण त्यासाठी बॉनेट उघडावं लागतं. आणि बोगदा अजून पुढेच होता.

नाजिकही माझीच मुलगी. तिला ते कळलं. दात वाजत असताना ती म्हणाली, "बाबा, मला बरं वाटतंय. उघडू नका."

तिचा आवाज ऐकला आणि माझा सगळा अभिमान गळाला. मुलगी जीपमध्ये बसून जाईल, पण गरम राहील. मी पायाजवळच्या खटक्याला हात घातला.

ओमुरकुलनी माझा दंड धरला. "थांबा कुदा. अट काय होती?"

"बॉनेट उघडायचं नाही."

"कोणी?"

"मी."

"मग तुम्ही बसा," असं म्हणून ते निळा मखमली चापान सावरत बर्फात उतरले. आतला खटका मीच ओढला, पण खटका ओढणं म्हणजे उघडणं नव्हे, यावर आमचं खिडकीतूनच एकमत झालं. बॉनेट त्यांनी स्वतःच्या हातांनी वर केलं. आत वाकून बघितलं आणि तसेच वाकून राहिले. वरातीतले लोक गाड्यांतून उतरून गोळा झाले, एक मेंढपाळही घोड्यावरून डोकावू लागला. कोणीतरी विचारलं, उकळली का? ओमुरकुल म्हणाले, "उकळायला काय झालं, गोठलीय. या, बघून घ्या. याला म्हणतात रेडिएटर."

मी आतच बसलो होतो, आणि लोक एकेक करून माझ्या रेडिएटरकडे बघून मान डोलावत होते. पाणी खात्यात इतकी वर्षं काढली, पण एवढा सन्मान मला कधी मिळाला नव्हता. बुरुलने रुखवतातला छोटा लाल शिरदाक काढून दिला. तो लोकरीच्या नमद्याचा गालिचा, तिने स्वतः शिवलेला. ओमुरकुलनी तो रेडिएटरपुढे नीट खोचला आणि बॉनेट अलगद लावलं.

मेंढ्या संपल्या तोवर काटा हलला होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो वर जाताना बघून मला आनंद झाला. बोगद्यात शिरताना जाळीतून ऊब आली. नाजिक आईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, आणि ओमुरकुल चापान न काढता घोरू लागले.

तालासला त्यांच्या दारात बायकांनी गाडीवर मूठ मूठ गोड गोळ्या उधळल्या. टपावर त्यांचा ताडताड आवाज झाला. नाजिक माझ्या गाडीतून उतरली आणि मागे वळून तिने दारावर हात फिरवला, लहानपणी शाळेसमोर उतरताना फिरवायची तसा. गाडीचा अभिमान वाटत होता की मुलीचा, हे मला त्या वेळी वेगळं करता येईना, आणि मी तसा प्रयत्नही केला नाही.

परत येताना मागची सीट रिकामी होती. हीटर छान चालला.

आवारात पोचल्यावर सादात-एजेंनी पहिला प्रश्न विचारला तो उकळली का, हा. नाही, म्हणालो, आणि असानाली-बाइकेंनी सगळं श्रेय घेतलं. मी घेऊ दिलं.

काही दिवसांनी नाजिकचा फोन आला. म्हणाली, "बाबा, आईचा लाल शिरदाक इथे सापडत नाही. तुमच्याकडेच राहिला का?"

"गाडीत आहे, रेडिएटरपुढे."

"मग काढून पाठवून द्या ना कोणाबरोबर."

"काढायला बॉनेट उघडावं लागेल," मी म्हणालो, "आणि ते तुझ्या सासऱ्यांनीच उघडायचं असं ठरलंय. येत्या रविवारी घेऊन येतो."